चाकामागचे शेपूट

एकदा एक गडी मागे जायला शिकण्यासाठी गुरूकडे गेला. छपाईची चूक नाही, मागेच जायला. पुढे जाण्यासाठी कोणी गुरू करत नाही. ते सगळ्यांना जन्मतःच येते, असे निदान ज्याचे त्याला वाटते. शिवाय पुढे जाताना चुकले तर ‘घाई होती’ म्हणून वेळ मारून नेता येते. मागे जाताना चुकले की चारचौघे जमतात आणि प्रत्येकजण हात वर करून निरनिराळी दिशा दाखवतो. म्हणून मागे जाण्याची विद्या हीच खरी अवघड विद्या होय, आणि ती ज्यांना येते ते सहसा फार बोलत नाहीत.

त्या गड्याचे नाव भैरू आणि गुरूचे दस्तगीर वस्ताद. हळदीची मोठी पेठ असलेल्या एका गावात वस्तादांनी उभी हयात ट्रेलर चालवला होता. ट्रेलर म्हणजे पुढे इंजिनाचे धूड, ज्याला ड्रायव्हर लोक ‘घोडा’ म्हणतात, आणि मागे एका जाड खुंटीला अडकवलेला लांबलचक सपाट गाडा. पुढे जाताना हा गाडा गरिबासारखा मागून येतो. मागे घ्यायला लागले की मात्र त्याच्या अंगात येते. तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे फिरवा, याचे शेपूट डावीकडे निघते. तुम्ही घाबरून डावीकडे फिरवा, ते उजवीकडे. नव्या माणसाला पहिले काही महिने तर आपण गाडी चालवतो आहोत की गाडी आपल्याला, हेच कळत नाही.

भैरू डोक्याने तल्लख होता आणि तोंडाने त्याहून तल्लख. वस्तादांच्या हाताखाली किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून राहून, चाकाखाली दगड लावत आणि मागून ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडत तो ही विद्या शिकला होता. शिकला तो ‘थोरली’वर. थोरली म्हणजे मालकाचा जुना ट्रेलर. तिची चाके अगदी शेपटाशी होती. चाकांच्या मागे वीतभरच गाडा उरायचा. त्यामुळे भैरूने आपल्यापुरते एक सूत्र बांधले होते: आरशात चाक बघायचे, चाक जागेवर बसले की गाडी बसली. या सूत्रावर तो इतका पारंगत झाला की एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने भडंगाचे बकाणे, अशी थोरली तो वखारीत लावायचा. बघणारे ‘वाहवा’ म्हणायचे. वस्ताद मात्र म्हणायचे, “भडंग खाली सांडू नगंस.” भैरूला वाटायचे, म्हातारा कौतुकाला कंजूस आहे.

वस्तादांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरत होता. खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली की आपण सीटवरून खाली उतरणार, असे त्यांनी मालकाला सांगून टाकले होते. त्याच सुमाराला मालकाने नवा ट्रेलर आणला. त्याची किल्ली खंडेनवमीला कोणाच्या हातात पडणार, हा पेठेतला मोठा प्रश्न होता. मालकाचा मेहुणा बाहेरगावचा एक ड्रायव्हर घेऊन तयारच बसला होता. तो आला असता तर भैरूच्या नशिबी जन्मभर चाकाखालचा दगड. आणि भैरूला ते परवडणारे नव्हते, कारण त्याच्या बायकोने, सुभद्राने, नळावर अगोदरच जाहीर करून टाकले होते की आमचे हे ड्रायव्हर झाले. नळावर जाहीर झालेली गोष्ट मागे घेता येत नाही. त्यासाठी अजून कोणी वस्ताद जन्माला यायचा आहे.

नव्या ट्रेलरला सगळे ‘धाकटी’ म्हणू लागले. लांबीला ती थोरलीएवढीच होती. फरक एवढाच की तिची चाके बरीच पुढे, पोटाच्या बाजूला सरकवलेली होती आणि त्यांच्या मागे गाड्याचा चांगला मोठा तुकडा अधांतरी लोंबत होता. पेठेतल्या अरुंद वळणांवर गाडी चटकन वळावी म्हणून बनवणाऱ्याने तशी योजना केली होती. भैरूने तिला एक फेरी मारून पाहिले आणि टायरवर लाथ मारली. “लांबी तीच, रुंदी तीच, ड्रायव्हर तोच,” तो म्हणाला. “झालं की मग.”

“चाक कुठं हाय बघितलंस न्हवं?” वस्तादांनी विचारले.

“गाडीखाली हाय की!” भैरू म्हणाला आणि स्वतःच हसला.

धाकटी पहिल्यांदा लावायची होती पारिसशेठच्या वखारीत. पारिसशेठ हळदीचे जुने व्यापारी. माणूस सज्जन, व्यसन एकच, वखारीच्या फाटकावरचे सिंह. फाटकाच्या दोन्ही बाजूंना छातीएवढ्या उंचीचे खांब होते आणि प्रत्येक खांबावर एकेक सिमेंटचा सिंह, सोनेरी आयाळीचा आणि लाल जिभेचा. वैकुंठाच्या द्वारपालांवरून शेठजींनी त्यांची नावे जय आणि विजय अशी ठेवली होती. दर दिवाळीला घरातल्या माणसांच्या आधी सिंहांना रंग मिळायचा. कोणी त्यांच्याकडे बघून ‘कुत्री झकास आहेत’ म्हणाले तर शेठजी त्याच्याशी व्यवहार तोडत.

त्या दिवशी मालक आले होते, हमाल जमले होते, समोरच्या चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला होता. वस्ताद आपली लांब काळी छत्री घेऊन मागे, जयच्या खांबाशी उभे राहिले. ही छत्री ते नेहमी मुठीशी धरून, टोक जमिनीकडे करून बाळगत. भैरूने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, कारण प्रसंगच तसा होता, आणि धाकटी मागे घ्यायला सुरुवात केली.

तो आपल्या सूत्राप्रमाणे आरशात चाक बघत होता. चाक अजून फाटकापासून चांगले लांब होते, म्हणून तो निर्धास्त होता. परंतु शेपूट चाकाच्या कितीतरी आधी दारात पोहोचले होते, आणि ते जयच्या दिशेने निघाले होते. “थांब! थांब!” वस्ताद ओरडले. भैरूने पाहिले आणि थांबण्याऐवजी झटक्यात स्टिअरिंग उलटे फिरवले. थोरलीला असा निरोप दिला असता तर तिने सुपारी कातरून, पान लावून मग वळायला घेतले असते. धाकटी ऐकल्याबरोबर वळली. चाकाशी ती हातभर सरकली असेल नसेल. शेपटाशी मात्र तिने अख्खे फाटक पार केले आणि पलीकडच्या विजयच्या तोंडावर ठण्णकन आपटली. विजयचे नाक तुटून हळदीच्या पोत्यावर पडले.

मग पारिसशेठ धावत आले, त्यांनी नाक उचलले, उपरण्यात गुंडाळले आणि खांबाला टेकून बसले. “माझा विजय!” ते म्हणाले. “अरे, साक्षात द्वारपाल! नकटा करून ठेवला रे मेल्या!”

एक हमाल हळूच म्हणाला, “आता कुत्र्यासारखा दिसत न्हाई बगा. मांजरावाणी दिसतोय.” हे सांत्वन शेठजींना रुचले नाही.

भैरू खाली उतरला. ज्या माणसाची चूक झालेली असते आणि ज्याला ती कबूल करायची नसते, त्याला वाचा फार लवकर फुटते. खांब वाकडा आहे, तो म्हणाला. फाटक अरुंद आहे. गाडी बनवणारा झोपेत होता. सिंह कोणी खांबावर ठेवतं का, सिंह जंगलात असतात. आणि एवढ्यानेही लोकांच्या चेहऱ्यावरचे हसू जाईना तेव्हा त्याने वस्तादांकडे हात केला. “मोतीबिंदू झालेल्या माणसाला मागं उभं केल्यावर दुसरं काय हुणार?”

वस्तादांनी छत्रीच्या टोकाने खाली पडलेला सिमेंटचा एक कपचा बाजूला केला, इतकेच. पण मालक म्हणाले, “भैरू, किल्ली हिकडं दे. मेव्हण्याला निरोप धाडतो.” आणि मग भैरूची वाचा बंद झाली.

तेव्हा वस्ताद पुढे आले. “मालक, एक डाव अजून द्या त्याला. खंडेनवमीच्या आत, ह्याच फाटकात.” मग शेठजींकडे वळून म्हणाले, “शेठ, ह्या सिंहांना पुन्यांदा धक्का लागला, तर तिथल्या तिथं मी गाडीची किल्ली सोडीन. शब्द हाय माझा.”

दस्तगीर वस्तादांचा शब्द पेठेत हळदीच्या भावाहून पक्का मानला जाई. मालकाने खिशात घातलेली किल्ली काढून वस्तादांच्या हाती ठेवली. शेठजींनी उपरण्यातल्या नाकाकडे पाहिले आणि सुस्कारा टाकून मान हलवली. भैरूला मात्र त्या रात्री जेवण गेले नाही. सुभद्राने विचारले तेव्हा तो म्हणाला, दात दुखतोय.

आता दुसरा कोणी गुरू असता तर त्याने शिष्याला मोकळ्या माळावर नेऊन पुन्हापुन्हा गाडी मागे घ्यायला लावली असती. वस्तादांनी त्याला आठवडी बाजारात नेले. तिथे टोपल्या विणणाऱ्या एका बुरडाकडून त्यांनी एक लांबलचक कळक, म्हणजे बांबू, मागून घेतला, त्याचे एक टोक आपल्या हातात धरले आणि दुसरे टोक भैरूच्या खांद्यावर ठेवले.

“मी घोडा,” वस्ताद म्हणाले. “तू चाक. मी ढकलणार, तू माझ्याकडं तोंड करून मागं मागं चालायचं. पाय कळकाच्या रेषेत टाकायचा. आडवं पाऊल टाकायचं न्हाई. चाक आडवं चालत न्हाई.”

“आणि जायचं कुठं?”

“त्या बोळात.” वस्तादांनी छत्रीने दाखवले. बाजाराच्या टोकाला एक बोळ होता. त्याच्या एका बाजूला टोमॅटोवाला बसला होता आणि दुसऱ्या बाजूला कासारीण, बांगड्यांच्या काचेच्या भिंती उभारून.

भैरूला वाटले, मोतीबिंदू डोळ्यांतून डोक्यात शिरला. पण किल्ली वस्तादांच्या खिशात होती, म्हणून तो निमूट चालू लागला. भर बाजारात दोन माणसे कळक घेऊन चालली आहेत आणि त्यातले एक उलटे, हे पाहून गिऱ्हाइकांनी भाव करायचे थांबवले. “वस्ताद, तिरडी बांधायला निघालाय काय?” कोणीतरी विचारले. “व्हय,” वस्ताद म्हणाले, “अजून आत घालायला कोण गावलं न्हाई.”

पहिल्या फेरीला भैरू कळकाच्या अगदी शेवटच्या टोकाशी होता. बोळाशी वळायची वेळ आली तेव्हा वस्तादांना आपले टोक घेऊन फार लांब सरकावे लागले. ते चपलांच्या ढिगात शिरले, तिथून एका म्हशीच्या पाठीमागून गेले, आणि म्हशीवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. परंतु मागे, भैरूच्या बाजूला, सगळे शांत होते. जिथे भैरूचे पाऊल पडले तिथेच कळकाचे टोक गेले. टोमॅटोवाल्याने मान वर करूनसुद्धा पाहिले नाही.

“जमलं,” भैरू म्हणाला.

“ही थोरली झाली,” वस्ताद म्हणाले. “आता फुडं सरक.” आणि त्यांनी भैरूला कळकाच्या जवळजवळ मध्यावर आणून उभे केले. कळकाचा मागचा भाग आता त्याच्या पाठीमागे लांबवर अधांतरी लोंबत होता. “चल.”

या खेपेला वस्तादांना चपलांत शिरावे लागले नाही. ते नुसते दोन पावले सरकले आणि कळक वळला. भैरूला फार बरे वाटले. त्याने मनात म्हटले, हे तर सोपे आहे. इतक्यात त्याच्या पाठीमागे काहीतरी फचकन आवाज झाला आणि शिव्या ऐकू आल्या. कळकाचे शेपूट टोमॅटोच्या पाटीत शिरले होते. “वस्ताद, तिकडं! तिकडं घ्या!” भैरू ओरडला. वस्ताद आज्ञाधारकपणे तिकडे सरकले. शेपूट टोमॅटोतून निघाले, वाटेत एका पाहुण्याची टोपी घेतली, आणि टोपीसकट बांगड्यांच्या दिशेने सुटले. सारा बाजार एका सुरात “अरारारा” म्हणाला. भैरूला मागे काय चालले आहे ते दिसेना. त्याला समोर फक्त वस्तादांचा चेहरा दिसत होता आणि तो चेहरा दगडासारखा शांत होता.

मग कळक एकदम थांबला. भैरूने मान वळवली. कासारणीने हात लांब करून कळकाचे टोक पकडले होते. वीतभर अंतरावर काचेची हिरवी भिंत होती.

“दादा,” ती म्हणाली, “तुझं तोंड तिकडं, ध्यान तिकडं, आनि शेपूट माझ्या बांगड्यांत. ह्याचा धनी कोण? तूच न्हवं?”

भैरूने पाहुण्याची टोपी काढून दिली, टोमॅटोवाल्याचे चेपलेले टोमॅटो वेचून दिले आणि प्रत्येकापाशी मान खाली घालून उभा राहिला. बोलण्यासारखे पुष्कळ होते. टोमॅटोवाला रस्त्यात बसला होता, पाहुण्याची टोपी सैल होती. पण कोण जाणे का, त्याला यातले काहीच म्हणावेसे वाटले नाही.

कळक बुरडाला परत करून दोघे चहाला बसले. वस्तादांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि ते बोलू लागले.

“बाबा, गाडी वळती ती चाकावर. चाकाच्या फुडचं जिकडं जातंय, त्याच्या उलट्या अंगाला चाकाच्या मागचं जातंय. थोरलीचं चाक मागं. तिला वळाया अख्खा रस्ता लागतो, फुडच्या लोकांच्या शिव्या खाव्या लागत्यात. पण तिच्या मागं कुणाला इजा न्हाई. धाकटीचं चाक फुडं. ती हुशार. सांगायच्या आत वळती. पण जेवढी ती झटक्यात वळती, तेवढं तिचं शेपूट लांब फिरतंय, आनि ते फिरतंय आपण बघत न्हाई तिकडं. ह्यात धाकटी वाईट न्हाई आनि थोरली भली न्हाई. चाक कुठं हाय ते वळकून चालवायची, एवढंच.”

भैरू ऐकत होता.

“माणसांचंबी तसंच हाय. मी थोरलीवाणी. मला एक गोष्ट समजायला आठवडा लागतो. तू धाकटीवाणी. तुझं डोकं चटकन वळतं, जीभ त्याच्या आधी. त्या दिवशी फाटकात तू माझ्या डोळ्यांचं बोललास. तू बोललास आनि वळून फुडं गेलास. शेपूट मला लागलं.”

हे ते रागाने बोलले नाहीत. गाडीचा एखादा बिघाड सांगावा तसे बोलले. पण भैरूने ओठाला लावलेली बशी खाली ठेवली. त्या दिवसापासून किल्लीचे काय होणार याचाच घोर त्याला लागला होता. या माणसाचे काय झाले असेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते. त्याला स्वतःची फार लाज वाटली. तो वाकून वस्तादांच्या पायाला हात लावू लागला, तेव्हा ते म्हणाले, “बशी सांडशील. पाया पडून गाडी लागत न्हाई. ध्यानात धर: शेपूट दारात शिरायच्या आधी गाडी सरळ करायची. दारात शिरल्यावर अक्कल चालवायची न्हाई. आनि शंका आली, की खाली उतरून मागं जाऊन बघायचं. उतरल्यानं कुणाचा पाय झिजत न्हाई.”

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी धाकटी पुन्हा पारिसशेठच्या वखारीपुढे उभी राहिली. गर्दी या खेपेला दुप्पट होती. कोणाचे नाक जाणार ते पाहायला लोक लांबून येतात. विजयला गवंड्याने नवे नाक बसवले होते. ते मूळच्यापेक्षा अंमळ मोठे झाले होते आणि अजून ओले होते. जयच्या अंगाभोवती शेठजींनी गादी गुंडाळली होती, आणि स्वतः ते त्या गादीला मिठी मारून उभे होते. “माझ्या अंगावरनं गाडी न्या,” ते मालकाला म्हणाले, “पण जयला हात लावू देणार न्हाई.”

वस्ताद गर्दीत एका बाजूला उभे होते. भैरू त्यांच्याजवळ गेला. काळा चष्मा त्याने आज घातला नव्हता.

“वस्ताद,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “मागं तुम्हीच उभं ऱ्हावा.”

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिले. मग ते जाऊन विजयच्या खांबाशी उभे राहिले.

भैरूने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि थोड्याच अंतरावर थांबवली. खाली उतरला. चाकाजवळून चालत शेपटापर्यंत गेला, तिथे उभा राहून दोन्ही सिंहांकडे पाहिले आणि परत येऊन बसला. पुन्हा थोडी मागे, पुन्हा थांबला, पुन्हा उतरला. लोक हसायला लागले. “गडी गाडी लावतोय का प्रदक्षिणा घालतोय?” असे चहावाल्याने विचारले. मालकाचा मेहुणा म्हणाला, “आमचा ड्रायव्हर एवढ्यात जेवूनबी आला असता.” भैरूच्या जिभेवर उत्तर आले होते, आणि चांगले झणझणीत होते. त्याने ते गिळले. स्टिअरिंगला तो जरासाच हात लावत होता, आणि धाकटी जराशाच इशाऱ्याला मान देत होती. फाटकापासून चांगली लांब, रस्त्यावरच, त्याने तिला दोरी लावल्यासारखी सरळ केली. एकदा शेवटचे उतरून पाहिले. मग दारात शिरल्यावर त्याने काहीएक शहाणपणा केला नाही.

शेपूट जय आणि विजय यांच्या मधून गेले. त्याच्या मागोमाग चाके गेली. शेठजींनी डोळे मिटले होते, ते त्यांनी उघडले तेव्हा धाकटी वखारीत उभी होती आणि त्यांच्या मिठीत अखंड जय होता. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा चहाचा पेला खाली ठेवून निघून गेला. भैरू सीटवरच बसून दोन्ही सिंह पुन्हापुन्हा मोजत होता.

आणि दस्तगीर वस्ताद, ज्यांनी सबंध आयुष्यात कोणाला ‘शाब्बास’ म्हटले नव्हते, त्यांचा ऊर एकदम भरून आला. डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी छत्री काखेत मारली, अगदी मध्यावर. अर्धी छत्री पुढे, अर्धी मागे. आणि मालकाकडे गर्रकन वळून ते म्हणाले, “मालक, बघितला न्हवं माझा चेला!”

मागे थप्प असा ओला आवाज झाला.

सगळे विजयकडे बघू लागले. विजय समोर बघत होता. त्याचे नवे नाक छत्रीच्या टोकाला चिकटून वस्तादांच्या पाठीमागे डुलत होते.

कोणी हसेना, कोणाची हिंमत होईना. पारिसशेठ रडवेल्या आवाजात एवढेच म्हणाले, “दोन्ही डावाला ह्याचंच नाक का?” भैरू उडी मारून खाली आला आणि धावत मध्ये येऊन उभा राहिला. “शेठ, माझ्याच गाडीचा धक्का लागला आसंल. मघाशी. माझंच चुकलं.” किल्लीचा विचार तेव्हा त्याच्या मनात नव्हता, वस्तादांचा शब्द सगळ्यांसमोर मोडू नये, एवढाच होता.

वस्तादांनी काखेतली छत्री काढली. ती त्यांनी नीट न्याहाळली, काखेत ती कुठे धरली होती तिथे बोटाने चाचपून पाहिले, आणि ते खुदकन हसले. त्यांना हसताना पेठेने प्रथमच पाहिले.

“न्हाई शेठ,” ते म्हणाले. “त्याची गाडी चोख गेली. शेपूट माझं लागलं. लई आनंद झाला, आनि चाक आपोआप फुडं सरकलं.” मग ते धाकटीपाशी गेले आणि केबिनमधली किल्ली काढून घेऊन आले. “सिंहाला धक्का लागला तर तिथल्या तिथं किल्ली सोडीन म्हणालो हुतो. शब्द म्हंजे शब्द.” आणि धाकटीची किल्ली त्यांनी भैरूच्या तळहातावर ठेवली. मालकाने नुसती मान डोलावली. खंडेनवमीसाठी आणलेला नारळ त्याने तिथेच फोडायला दिला.

सांजवेळी दोघे घरी निघाले. वस्तादांनी छत्री पुन्हा मुठीशी धरली होती, टोक जमिनीकडे. भैरूच्या मुठीत किल्ली होती. वळणाशी आल्यावर तो थांबला, मागे वळून पाहिले, आणि कोणी नाही असे बघून मगच वळला. वस्तादांनी ते पाहिले. पण कौतुक करण्याची जोखीम त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा घेतली नाही.

आपण बोलून वळतो आणि पुढे जातो. तेव्हा मागे कोणाचे नाक ओले होते, हे एकदा खाली उतरून पाहायला हरकत नसावी.